साक्रिस्टीच्या कपाटातील हेडफोन

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी आमच्या साक्रिस्टीचे छप्पर गळू लागले आणि भिंतीतले मोठे कपाट रिकामे करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. कडोलीचा पाऊस एकदा लागला म्हणजे कौलांची परीक्षा पाहतो, हे येथील सर्वांस ठाऊक आहे. मिस्सासेवक मुलांना हाताशी घेऊन आम्ही एकेक वस्तू बाहेर काढू लागलो. बाप्तिस्म्याच्या कसरीने खाल्लेल्या नोंदवह्या, एक लॅटिन मिस्साग्रंथ, मेणबत्त्यांची थोटके, तुटक्या जपमाळा, दांडा मोडलेली धूपदाणी असा संसार बाहेर पडला. सर्वांत खालच्या फळीवर बिस्किटांचा एक गंजका पत्र्याचा डबा होता. त्याचे झाकण उघडताच आत काळ्या कापडात गुंडाळलेले एक चमत्कारिक साधन दिसले. दोन काळ्या वाट्या, त्यांना जोडणारी दुहेरी पोलादी पट्टी, आणि उंदरांनी कुरतडलेली तपकिरी सुताची दोरी.

मुलांत लगेच वाद सुरू झाला. एकाने ते डॉक्टरचे छाती तपासण्याचे यंत्र ठरविले. दुसरा म्हणाला, “फादर, बैलाच्या शिंगाला अडकवायचं कायतरी असंल बघा.” अखेरीस सर्वांत लहान मुलाने ते डोक्यावर चढविले. पट्टी त्याच्या कपाळावर घसरली, पण वाट्या बरोबर कानांवर बसल्या, आणि वादाचा निकाल लागला. ते हेडफोन होते. आजकाल मुले कानात गुंजेएवढी खुंटी घालून गाणी ऐकत हिंडतात, त्यांचेच हे पणजोबा.

आम्हांस सेमिनरीत असल्यापासून अशा जिनसांची आवड. आमच्या एका प्राध्यापकांपाशी असाच एक जोड होता व सुटीच्या दिवशी ते आम्हांस त्यातून रेडिओ ऐकवीत. त्यामुळे डबा कचऱ्यात जाण्याचे टळले. एका वाटीच्या पाठीवर ‘२०००’ हा आकडा कोरलेला होता. कारखानदाराचे नाव मात्र झिजून गेले होते. हा आकडा विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, म्हणजे ओहमचा. आजच्या हेडफोनचा अडथळा बहुधा सोळा किंवा बत्तीस ओहम असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन हजार म्हणजे काय ते कळेल. वाटीच्या आत एक कायमचा लोहचुंबक असतो. त्याच्या दोन्ही टोकांवर केसाहूनही बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात आणि टोकांच्या समोर, कागदाच्या जाडीएवढे अंतर राखून, पातळ लोखंडी चकती बसविलेली असते. चुंबक चकतीला सदैव आपल्याकडे ओढून धरतो. तारेतून आवाजाची वीज आली म्हणजे ती ओढ कधी वाढते, कधी कमी होते, चकती थरथरते, आणि तीच थरथर कानाला शब्द म्हणून ऐकू येते. वेढे जितके अधिक, तितकी थोडकी वीज पुरते. ज्या काळी रेडिओला ना बॅटरी होती ना घरात वीज, त्या काळी हवेतून येणाऱ्या लहरींच्या कणभर शक्तीवरच ही चकती बोलत असे.

अशा बिनबॅटरीच्या रेडिओत शिशाच्या धातुकाचा, म्हणजे गॅलिनाचा, एक चकाकता खडा असे. त्याच्यावर बारीक तारेचे टोक टेकवून नेमकी जागा शोधावी लागे. ह्या खड्याचा उपयोग करणाऱ्या साधनासाठी आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ साली अमेरिकेत अर्ज केला होता व १९०४ साली त्यांस पेटंट मिळाले, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तसेच ब्राझील देशातील फादर रोबेर्तो लांदेल द मौरा ह्या धर्मगुरूंनी १९०० साली साओ पावलो शहरात बिनतारी मार्गाने मानवी आवाज पाठवून दाखविला होता. त्यांनाही १९०४ सालीच अमेरिकेत पेटंटे मिळाली. धर्मगुरूने तारा-चुंबकांत बोटे घालू नयेत, असे आमच्या धर्मग्रामातील काही वडीलधाऱ्यांचे मत आहे. त्यांच्यासाठी हे उदाहरण मुद्दाम दिले.

डोक्यावर चढविण्याच्या हेडफोनचा इतिहासही प्रार्थनामंदिराशी जोडलेला आहे. अमेरिकेच्या युटा प्रांतातील नॅथॅनिएल बॉल्डविन नावाच्या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकघरात बसून असे हेडफोन तयार केले व १९१० साली ते तेथील आरमाराकडे धाडले. आरमाराने ते पसंत केले. हे गृहस्थ मॉर्मन पंथाचे होते. त्यांच्या पंथाच्या अवाढव्य मंदिरात मागे बसले असता प्रवचन ऐकू येत नसे, म्हणून त्यांचे लक्ष आवाज मोठा करण्याच्या विद्येकडे वळले, असे सांगतात. मागच्या बाकांवर बसणाऱ्यांस उपदेश ऐकू न येण्याची तक्रार म्हणजे सर्व देशांत आणि सर्व पंथांत आहे तर!

हा जोड कडोलीस कोणी आणला असेल, ह्याविषयी आम्ही बरेच तर्क केले. बेळगाव हे १९२२ सालापासून मराठा पलटणीच्या शिक्षणकेंद्राचे गाव. आसपासच्या खेड्यांतील किती तरी तरुण दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत आणि इटलीत लढून आले. ज्या इटलीत नाईक यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैत धारातीर्थी पडले व व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले, त्याच रणभूमीवर निरोप्ये सैनिक कानाला हेडफोन लावून बसत. तेव्हा एखाद्या सैनिकाने ते आणले असावेत, असे प्रथम वाटले. परंतु लष्करी सामानावर असणारी बाणाची खूण ह्यावर कोठेही नाही, आणि दोन हजार ओहमचा आकडा घरगुती खड्याच्या रेडिओकडेच बोट दाखवितो. मग मुंबई आठवली. २३ जुलै १९२७ रोजी व्हॉइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. त्याची शक्ती अवघी दीड किलोवॅट. खड्याच्या रेडिओवर ते सुमारे तीस मैलांपलीकडे ऐकू येत नसे. म्हणजे कडोलीत बसून तेव्हा ह्या हेडफोनातून मुंबई ऐकणे शक्यच नव्हते. ती कंपनी १९३० च्या मार्चमध्ये बुडाली आणि एप्रिलपासून सरकारने कारभार हाती घेतला. आमच्या भागातील माणसे पोटासाठी मुंबईस जात आली आहेत. कोणी गिरणीत, कोणी साहेबाच्या स्वयंपाकघरात, कोणी बोटीवर. त्यांच्यापैकी एखाद्याने परतताना ही वस्तू ट्रंकेत घालून आणली असावी, असे आम्ही धरून चाललो आहो.

पुढे रेडिओ आपल्या दाराशी आला. धारवाडचे केंद्र १९५० साली, पुण्याचे १९५३ साली आणि सांगलीचे १९६३ साली सुरू झाले. परंतु तोवर कर्ण्याचे रेडिओ आले होते. ओसरीवर रेडिओ लागला की सारी आळी ऐके, मग एकट्याने कानाला वाट्या लावून बसतो कोण? सार्वजनिक ऐकण्यात हेडफोन मागे पडला. त्याचा गुण एवढाच उरला की, ज्याच्या कानावर तो आहे त्यालाच ऐकू येते व शेजारच्यास येत नाही. हा गुण लहान नव्हे. २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोव्याच्या मुक्तीपर्यंत, म्हणजे १९६१ च्या डिसेंबरपर्यंत, श्री. वामन सरदेसाई आणि श्रीमती लिबिया लोबो हे दोघे सरहद्दीवरील जंगलात राहून ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे गुप्त केंद्र चालवीत होते. प्रथम आंबोलीजवळ व नंतर आपल्या ह्याच टापूतील कॅसल रॉकजवळ. पोर्तुगीज सत्तेखाली असा आवाज घरात ऐकावयाचा तर तो भिंतीपलीकडे जाऊन चालत नाही. काही शब्द एकाच कानासाठी असतात. ही गोष्ट आम्हांस तेव्हा सहज सुचली होती. तिचा आमच्या कामाशी किती जवळचा संबंध येणार आहे, हे मात्र कळले नव्हते.

दुरुस्तीचा आरंभ आम्ही आमच्या अज्ञानाने केला. बेकेलाइटचे झाकण फिरवून काढले, तेथवर ठीक होते. आतली लोखंडी चकती चुंबकाने घट्ट धरलेली. ती आम्ही चाकूच्या टोकाने वर उचकटली आणि ती वाकली. खरे पाहता ती चकती कधीही वर उचलावयाची नसते, कडेला सरकवीत न्यावयाची असते. हे ज्ञान आम्हांस दुसऱ्या दिवशी झाले, गावातील एक निवृत्त हवालदार आले तेव्हा. हे गृहस्थ लष्करात सिग्नलच्या कामावर होते, आता बटाटे आणि रताळी पिकवितात. ते आमच्या धर्माचे नव्हेत, पण नाताळात गव्हाणीच्या दिव्यांचे काम दरवर्षी त्यांच्याच हातचे असते. वाकलेली चकती पाहून त्यांनी मान हलविली. “फादर, तुम्ही पाप्यांना इतकं सांभाळून घेता, आन् ह्या चकतीनं तुमचं काय केलं होतं?”

पुढचे सर्व काम त्यांच्या देखरेखीखाली झाले. वाकलेली चकती काचेवर ठेवून त्यांनी अंगठ्याने हलके हलके सपाट केली व उलटी करून बसविली. चुंबकाच्या टोकांना गंजाचे बारीक कण चिकटले होते, ते मळलेल्या कणकेच्या गोळीने टिपून घेतले. फुंकर मारून हे कण जात नाहीत. ते राहिले तर चकती अडखळते व आवाज खरखरतो. मग परीक्षा. दोरीची दोन टोके टॉर्चच्या एका सेलला टेकवावयाची. हेडफोन जिवंत असेल तर टेकवताना व उचलताना कानात ‘टक्’ असा आवाज होतो. उजवी वाटी बोलली. डावी मुकी राहिली.

डाव्या वाटीत एका वेटोळ्याच्या मुळाशी, जेथे बारीक तार जाड तारेला जोडलेली होती तेथे, हिरवा जंगाल चढला होता. ओलीने तांबे खाल्ले होते. तुटलेले टोक शोधण्यास भिंग घेऊन दीड तास गेला. हवालदारांची दृष्टी आता अधू आणि आमच्या हातांस सवय नाही, तेव्हा टोक आमच्या डोळ्यांनी शोधावे व सुईने त्यांनी उचलावे, अशी वाटणी झाली. तारेवरील लाख ब्लेडने अलगद खरवडली, राळ लावली आणि सोल्डरचा मोहरीएवढा थेंब ठेवला. येथे आम्ल लावून सोल्डर करू नये. चार महिन्यांत पुन्हा जंगाल चढतो. मीटरवर एक वाटी ९८० व दुसरी १०१० ओहम दाखवू लागली. दोन्ही मिळून पाटीवरच्या आकड्याएवढी. इतक्या वर्षांनी हिशेब जुळला, ह्याचे आम्हांस फार कौतुक वाटले.

जुनी दोरी मात्र निकामी होती. त्या काळची दोरी म्हणजे सुताच्या धाग्याभोवती गुंडाळलेली तांब्याची पातळ फीत. ती शेकडो वेळा वळली तरी तुटत नाही, पण तिला सोल्डरची उष्णता लागली की सूत जळून जाते. आम्ही नवी मऊ तार घातली आणि वरचे विणलेले कापडी वेष्टन धुऊन पुन्हा त्याच तारेवर चढविले. दोन्ही वाट्यांची तारा जोडण्याची दिशा एकच ठेवावी लागते. एक उलटी लागली तर दोन कानांत आवाज एकमेकांविरुद्ध ओढल्यासारखा वाटतो. वाचकांपैकी कोणी असे काम हाती घेणार असेल त्यास एक सावधगिरी सांगतो. असे हेडफोन जुन्या व्हाल्व्हच्या रेडिओला किंवा घरच्या विजेवर चालणाऱ्या यंत्राला थेट जोडू नयेत. जुन्या रेडिओत हेडफोनच्या तारांवर मोठा दाब असू शकतो, आणि येथे तर प्रश्न डोक्याचा आहे.

काम झाल्यावर हवालदारांनी मुलांना एक गंमत दाखविली. दोन्ही वाट्या अलग करून त्यांच्यामध्ये लांबच लांब दुहेरी तार जोडली. एक वाटी साक्रिस्टीत, दुसरी गायनवृंदाच्या माळ्यावर. बॅटरी नाही, वीज नाही, काही नाही. खालच्या मुलाने वाटीपाशी तोंड नेऊन हाक मारली व वरच्याने ती ऐकली. बोलणाऱ्याच्या आवाजाने चकती थरथरते, चुंबकाजवळच्या वेटोळ्यात तेवढ्यानेच कणभर वीज उत्पन्न होते आणि पलीकडची चकती तशीच थरथरते. १८७७ साली ग्रॅहॅम बेल यांचे जे पहिले टेलिफोन लोकांच्या वापरात आले, ते असेच बिनबॅटरीचे होते. त्या संध्याकाळी मुलांनी जपमाळेच्या वेळेपर्यंत साक्रिस्टी सोडली नाही.

ह्याच गर्दीत एक आजी दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्याविषयी पुढे जे लिहीत आहो ते त्यांना विचारून, आणि त्यांच्या मुलाने कानाशी ओरडून वाचून दाखविल्यावर त्यांनी संमती दिली म्हणून. नाव देत नाही. ऐंशीच्या पुढे वय, दर रविवारी पहिल्या बाकावर, आणि कान जवळजवळ गेलेले. एका शिबिरात त्यांस कानाचे यंत्र मिळाले होते. ते शिट्टी मारते व डोके दुखते म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवून दिले होते. गेली सहा वर्षे त्या पापनिवेदनास येत नव्हत्या. कारण उघड होते. बहिऱ्या माणसास आपला आवाज किती चढला ते कळत नाही. त्या कुजबुजतात असे त्यांस वाटे आणि रांगेतील सर्वांस प्रत्येक शब्द ऐकू जाई. एकदा रांगेत कोणी तरी हसले. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

आम्ही त्यांस पूर्वी समजावून पाहिले होते. धर्मगुरूने उच्चारलेले पापमुक्तीचे शब्द पश्चात्ताप करणाऱ्यास ऐकू आले नाहीत तरी क्षमा खरी असते. हे धर्मशिकवणीस धरूनच आहे. शिवाय १९८३ सालच्या धर्मसंहितेच्या ९९० व्या नियमाप्रमाणे दुभाष्याच्या मदतीनेही पापनिवेदन करता येते व त्या दुभाष्यावरही गुप्ततेचे बंधन असते. खुणेने किंवा लिहून सांगितले तरी चालते. पण आजींस लिहिता येत नव्हते आणि सुनेसमोर पापे सांगावयाची नव्हती. ह्यात आम्हांस तरी त्यांचे काही चुकते असे वाटत नाही. त्या वेळी त्यांनी दिलेले उत्तर आमच्या मनात रुतून बसले होते. “तुमचं नुसतं तोंड हालतंय तेवढं दिसतंय, फादर. देवानं माफ केलं का न्हाई, ते मी कुठनं ऐकू?”

त्या संध्याकाळी त्यांनी मुलाच्या हातातील वाटी घेऊन स्वतःच्या कानाशी धरली. काही ऐकू आले नाही. बिनबॅटरीचा तो आवाज निरोग्या कानासाठीच पुरेसा असतो. त्यांनी वाटी परत दिली व घरी गेल्या. आमच्या डोक्यात मात्र चक्र सुरू झाले.

वाचक विचारतील, आजकाल बिनतारी यंत्रे स्वस्त मिळतात, मग ही कसरत कशाला? त्याचे उत्तर आहे. बिनतारी यंत्र शब्द हवेत सोडते. ते कोठे, कोणाच्या खिशातील फोनमध्ये उतरतील ह्याची हमी आम्ही देऊ शकत नाही. पापनिवेदनाची मुद्रा अभंग आहे. यंत्राच्या साहाय्याने पापनिवेदन टिपून घेणाऱ्यास किंवा ते प्रसिद्ध करणाऱ्यास धर्मबहिष्काराची शिक्षा होईल, असे रोमने १९८८ साली स्वतंत्र आज्ञेने जाहीर केले होते. तारेचे साधन हाच येथे मार्ग होता. दुसरी शंका अशी की, टेलिफोनवरून किंवा इंटरनेटवरून पापनिवेदन होत नाही, मग हे कसे चालेल? इंटरनेटवर संस्कार नाहीत, हे परमगुरुपीठाच्या २००२ सालच्या पत्रकात स्पष्ट आहे. परंतु येथे धर्मगुरू व पश्चात्तापी एकाच जाळीच्या दोन बाजूंस, हातभर अंतरावर असतात. यंत्र हे चष्म्यासारखे. तरी केवळ आपल्या बुद्धीवर विसंबू नये म्हणून आम्ही धर्मकायदा शिकविलेल्या एका वृद्ध गुरुवर्यांचा सल्ला घेतला. त्यांनी आमच्याशी सहमत होऊन एकच अट घातली, पेटीत टिपण्याची कोणतीही सोय नसावी व ती कोणासही उघडून पाहता यावी.

तेव्हा पेटी तयार झाली. बेळगावच्या बाजारात मिळणारे आवाज वाढविण्याचे लहानसे सर्किट, बटणाएवढा माइक आणि बॅटरी. अडचण एक होती. असे सर्किट चार ओहमच्या कर्ण्यासाठी बनविलेले असते आणि आमचा हेडफोन दोन हजारांचा. थेट जोडला तर आवाज फारच क्षीण. हवालदारांनी एका मेलेल्या व्हाल्व्ह रेडिओतला ट्रान्सफॉर्मर काढून उलटा जोडला. रेडिओत तो मोठ्या अडथळ्याकडून लहानाकडे जातो, येथे लहानाकडून मोठ्याकडे. जुन्या हेडफोनात गाण्याची गोडी नसते. खर्जही नाही, तीव्र स्वरही नाहीत. मधलेच स्वर तेवढे ठासून येतात. पण मनुष्याचे बोलणे बहुतांशी त्याच मधल्या पट्ट्यात असते. आम्ही हेही कबूल करतो की, नव्या तारेच्या मोठ्या हेडफोनने हे काम तितकेच, कदाचित अधिक चांगले झाले असते. आमच्यापाशी हा होता, आणि त्याच्यावर दोन आठवडे घालविल्यावर तो बाजूस ठेवण्याइतके आम्ही विरक्त नव्हतो.

पहिला प्रयोग फसला. पापनिवेदनाचा नव्हे, नुसत्या बोलण्याचा. साक्रिस्टीत, मुलास बाहेर उभे करून. आजींनी डोक्यावरच्या पदरावरूनच हेडफोन घातला. वाट्या कानांवर नीट बसल्या नाहीत, फटीतून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला आणि पेटीने कर्कश किंकाळी फोडली. आजींनी हेडफोन टेबलावर ठेवला. “ह्योबी त्या यंत्रासारखाच,” एवढे बोलून त्या गप्प बसल्या. त्यांचे डोळे भरले होते. आम्हांस काय बोलावे सुचेना, आणि सुचून तरी काय, त्यांना ऐकू कुठे येणार होते! हवालदार दारातून हे पाहत होते. ते आत आले व खुणेने म्हणाले, आधी हेडफोन, वर पदर.

त्यांनी आवाजाचे बटण शून्यावर नेले. आजींनी पदर मागे घेतला, वाट्या पांढऱ्या केसांवरून कानांशी दाबून बसविल्या आणि वरून पदर ओढून घेतला. किंकाळी थांबली. आम्ही बटण केसभर वाढवीत त्यांच्याशी नेहमीच्या आवाजात बोलू लागलो. शेताविषयी, कोंबड्यांविषयी. चौथ्या की पाचव्या वाक्याला त्यांनी मान वर केली. “कोंबड्या न्हाईत आता, फादर. कुत्र्यानं नेल्या.” आणि हे बोलता बोलता त्या एकाएकी थांबल्या. माइक दोघांच्या मध्ये ठेवला होता. त्यांचा स्वतःचा आवाज त्यांच्या कानांत पडला होता. त्या खेकसल्यासारख्या बोलत होत्या, ते त्यांनाच प्रथम कळले. “एवढ्यांदा बोलते व्हय मी?” हे पुढचे वाक्य त्यांनी इतक्या हळू उच्चारले की, दाराशी उभ्या असलेल्या हवालदारांस ते ऐकू गेले नाही. आम्ही त्यांस नंतर विचारले.

संत मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू बहिऱ्या माणसास बरे करतो. ते करण्यापूर्वी तो त्याला गर्दीतून बाजूला, एकीकडे नेतो. हा अध्याय आम्ही वेदीवरून किती तरी वेळा वाचला आहे, बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या कानांना स्पर्शही केला आहे, पण ह्या ‘एकीकडे नेतो’ कडे आमचे लक्ष त्या दिवसापर्यंत गेले नव्हते.

पुढील शनिवारी दुपारी, मंदिरात कोणी नसता, आजी आल्या. त्यापुढचे सांगण्यास आम्हांस अधिकार नाही. एवढे सांगतो की, पेटी चालली, आणि बाहेर पायरीवर बसलेल्या मुलास अर्धा तास वाट पाहावी लागली. बाहेर आल्यावर त्या त्याला म्हणाल्या, “ऐकलं रे मी,” आणि हे त्या पूर्वीच्याच मोठ्या आवाजात म्हणाल्या, कारण हेडफोन आत राहिला होता.

ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांस कमी ऐकू येते त्यांस एक सांगणे आहे. आमची पेटी हा औषधोपचार नव्हे. प्रथम कान तपासून घ्यावेत. पुष्कळदा कानात मळ घट्ट बसलेला असतो व तो निघताच अर्धे काम होते. सरकारच्या बहिरेपणा प्रतिबंधक कार्यक्रमास २००७ च्या सुमारास आरंभ झाला, आणि अपंगांस साधने देण्याची एडीप योजना तर १९८१ सालापासूनची आहे. गरजूंस ह्यातून श्रवणयंत्रे मिळू शकतात. यंत्र मिळाल्यावर शिट्टी मारते म्हणून डब्यात टाकू नये. साचा कानास नीट बसला नसेल तर तो बदलून घ्यावा. आमच्या आजीही आता ते जुने यंत्र घेऊन पुन्हा तपासणीस जाऊन आल्या आहेत व नवा साचा होत आहे. तो झाला की आमच्या पेटीची त्यांस गरज पडू नये, अशी आमची इच्छा आहे.

तोवर पेटी पापनिवेदनाच्या आसनाशी असते. सिस्टरांनी वाट्यांस मऊ सुती टोप्या शिवून दिल्या आहेत, त्या दर आठवड्यास धुतल्या जातात. आजींच्या मागोमाग आणखी तीन वृद्ध येऊ लागले आहेत. त्यांच्यासाठी शनिवारी दुपारी तीन ते चार ही वेळ राखून ठेवली आहे. त्या तासात इतरांनी मंदिराच्या मागच्या बाकांपलीकडे थांबावे. डाव्या वाटीतील आमचा सोल्डर अद्याप टिकून आहे, परंतु हवालदारांचा त्यावर विश्वास नाही. सबब कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत वा गोठ्याच्या कोनाड्यात अशा जुन्या वाट्या, मोडक्या का असेनात, पडलेल्या असतील तर त्या भंगारवाल्यास देऊ नयेत. आमच्याकडे पोचत्या कराव्यात. झाकण उघडून पाहण्याचा मोह झाला तरी चकती चाकूने उचलू नये.